अंकित राष्ट्रे आणि आपले मत

हंगेरी देश लोह्यापासून फार दूर. तेथील घडामोडींचे आपणांस काय सोयरसुतक, असे कोणी वाचक विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. परंतु ज्यास ‘अंकित राष्ट्र’ म्हणतात ती वस्तू मराठवाड्याच्या माणसास पुस्तकातून शिकावी लागत नाही. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. गादी निजामाची, खर्च निजामाचा, हुकूम मात्र कंपनीचा. परराष्ट्रांशी बोलण्याचा अधिकारही कंपनीचाच. पुढे फौजेच्या खर्चाची बाकी थकली तेव्हा १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएट रशियाने पूर्व युरोपातील देशांची जी अवस्था केली ती याहून फारशी निराळी नव्हती. झेंडा त्यांचा, संसद त्यांची आणि रणगाडे मॉस्कोचे.

या राष्ट्रांविषयी स्वतंत्र भारताच्या सरकारने कोणते धोरण ठेवले, हे १९५६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात दिसून आले. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये उठाव झाला होता. १ नोव्हेंबरला पंतप्रधान इम्रे नॉज यांनी वॉर्सा करारातून अंग काढून घेऊन आपला देश तटस्थ राहील असे जाहीर केले. तटस्थता! जो शब्द दिल्ली साऱ्या जगास शिकवीत होती, तोच शब्द एका लहानशा राष्ट्राने उच्चारला, आणि तीन दिवसांत, ४ नोव्हेंबरच्या पहाटे, रशियन रणगाडे त्याच्या राजधानीत शिरले. फौजा मागे घ्याव्यात असा ठराव त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत आला. भारताने मत दिले नाही. ९ नोव्हेंबरला दुसरा ठराव आला. हंगेरीत राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली मुक्त निवडणुका व्हाव्यात, असे त्यात एक कलम होते. ४८ मते अनुकूल, ११ विरुद्ध, १६ तटस्थ. त्या अकरांत रशिया व त्याची अंकित राष्ट्रे होती, युगोस्लाव्हिया होता, आणि साम्यवादी नसलेला एकच देश होता: भारत. त्याच सुमारास सुएझवर इंग्लंड व फ्रान्स चालून गेले असता याच सरकारचा निषेध किती तत्पर व किती खणखणीत होता, हे वाचकांनी ताडून पाहावे.

कृष्ण मेनन यांचा युक्तिवाद असा की, बाहेरच्यांच्या देखरेखीखाली निवडणुका घेणे म्हणजे सार्वभौमत्वावर आघात होय. त्यामागे काश्मीरची धास्ती होती हे उघड आहे. आज हंगेरीत, तर उद्या श्रीनगरात. सनदेच्या २ ऱ्या कलमातील ७ व्या पोटकलमाचा आधार आपण हैदराबादच्या प्रकरणीही घेतला होता. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने सुरक्षा समितीकडे धाव घेतली, तेव्हा हा आमचा देशांतर्गत प्रश्न आहे असेच भारताने सांगितले, आणि ते योग्य होते, कारण रझाकारांच्या जाचातून सुटू पाहणारी येथील प्रजा भारताच्या बाजूची होती. हंगेरीत फौज आली ती प्रजेला चिरडण्यासाठी. पोटकलम तेच, पण ते कोणाच्या बचावासाठी पुढे करावयाचे, हा प्रश्न कोणत्याही कसलेल्या वकिलास चुकवता येत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा धोका दोन वर्षे आधीच दाखवून दिला होता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बोलताना, रशियाने ‘मुक्त’ केलेले युरोपीय देश पुढे रशियाच्याच घशात कसे गेले याची त्यांनी झडती घेतली. साम्यवाद हा वणव्यासारखा आहे, वाटेत येईल ते भस्म करीत जातो. त्याच्याशी सहजीवन कसे शक्य, असा त्यांचा सवाल होता. माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना निराळ्या रीतीने वागविले असते, असेही त्यांनी सुनावले. १९५९ साली दलाई लामांना भारतात आश्रय घ्यावा लागला आणि १९६२ साली चिनी फौजा आपल्याच हद्दीत उतरल्या. तेव्हा त्या भाषणाची आठवण किती जणांनी काढली?

दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. रशियाने भिलाईचा पोलाद कारखाना उभारून दिला. फेब्रुवारी १९५७ मध्ये काश्मीरच्या व डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या प्रश्नावर नकाराधिकार वापरला. गोवा मुक्त झाल्याचा आनंद मानणाऱ्या मराठी माणसाने हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. शिवाय पडद्याआड भारताने काही केले. राजदूत के. पी. एस. मेनन यांच्याशी ज्यांचा संपर्क होता त्या अर्पाद गोन्त्स यांना १९५८ साली जन्मठेप झाली. त्यांची फाशी भारताच्या रदबदलीने टळली असे मानतात. तेच गोन्त्स १९९० साली हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले. नॉज यांना मात्र १६ जून १९५८ रोजी फासावर लटकविण्यात आले.

तेव्हा माझी तक्रार मौनाबद्दल नाही. दुबळे राष्ट्र कधी गप्प बसते. पण गप्प बसणे निराळे आणि पीडिताच्या विरुद्ध हात वर करणे निराळे. पहिल्यास सवड आहे, दुसऱ्यास नाही. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियावर रणगाडे गेले तेव्हा भारत सुरक्षा समितीत तटस्थ राहिला. एवढ्यावरूनही अशोक मेहतांनी मंत्रिपद सोडले. आज असा मंत्री शोधून सापडेल काय? २ मार्च २०२२ रोजी युक्रेनच्या प्रश्नावर १४१ राष्ट्रांनी रशियाविरुद्ध मत दिले. भारत पुन्हा तटस्थ.

‘देशांतर्गत प्रश्न’ या शब्दांनी आपल्या समाजाचे कान तर फार पूर्वीच भाजले आहेत. बहिष्कार पडला की ‘हा गावचा मामला, बाहेरच्यांनी पडू नये’ हेच ऐकू येते. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न घेऊ नये म्हणून भारत सरकारने हीच भाषा वापरली, आणि दलितांचे प्रतिनिधी तरीही तेथे गेले व जगासमोर बोलले.