मासळीची खबर सगळ्यांना, मासळी कोणाला?

मालवणच्या समुद्रात मासळी कुठे मिळू शकेल, हे आता फोनवर कळतं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहांनी टिपलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य तपासते. मग बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर जावं ते सांगते. तेही मराठीत, फुकट. एरवी शोधनिबंधात राहणारं ज्ञान होडीपर्यंत पोहोचलं, ही मोठीच गोष्ट आहे.

पण खबर सगळ्यांना सारखी मिळाली म्हणजे फायदा सारखा होतो का? मोठ्या इंजिनाची पर्ससीन बोट सांगितलेल्या जागी काही तासांत पोहोचते. रापणकरांचं जाळं माणसं किनाऱ्यावरून ओढतात. खोल समुद्रातल्या मासळीचा पत्ता त्यांच्या काय कामाचा? हा झगडा इथे जुना आहे. त्यातूनच २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली.

दुसरी गोष्ट, उपग्रह मासे मोजत नाही. हरितद्रव्य जास्त तिथे सूक्ष्म वनस्पती, त्यांच्यामागे लहान मासळी, तिच्यामागे मोठी, असा तो अंदाज असतो. ढग दाटले की तोही अडतो. पण व्हॉट्सॲपवर चार हात फिरल्यावर ‘शक्यता’ हा शब्द गळतो आणि ‘खात्री’ उरते. मग डिझेल जाळून बोट रिकामी परतली की लोक विज्ञानालाच खोटं ठरवतात.

म्हणून विज्ञान पोहोचवणं म्हणजे नुसता मेसेज पाठवणं नव्हे. तो समजावून सांगावा लागतो आणि किनाऱ्याचं म्हणणं उलट वरपर्यंत न्यावं लागतं.

गाबित असो की दालदी मुसलमान, कोकणातल्या मच्छीमार घरांत फोन बहुधा तरुणांच्याच हातात असतो. मित्रमैत्रिणींनो, हे काम आपलंच आहे. अब्बा-चाचांना अंदाज वाचून दाखवा, त्याच्या मर्यादाही सांगा. आज जाळ्यात काय आलं, किती आलं, कोणती मासळी दिसेनाशी झाली, हे तारखेसह वहीत लिहा. वर्षभराची ती वही मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मांडा, मत्स्यव्यवसाय खात्यापुढे ठेवा. नाहीतर समुद्राची आकडेवारी मोठ्या बोटींच्या मासळीवरूनच तयार होईल आणि रापणकर त्यात दिसणारही नाही.