शिरीषकुमारच्या मागे उभ्या असलेल्या मुली

९ सप्टेंबर १९४२ ची नंदुरबारची गोष्ट खानदेशात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. ‘चले जाव’ची मिरवणूक, पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता, हातात तिरंगा, समोर पोलीस. अधिकाऱ्याने मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली, तेव्हा शिरीष आडवा आला आणि मारायचं तर मला मार म्हणाला, असं सांगतात. तो पडला. लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे चौघेही गेले. या पाचांची नावं पोरांना पाठ असतात, आणि असावीतच. पण ज्यांच्यावर बंदूक रोखली होती त्या मुली कोण? घरच्यांना सांगून आल्या होत्या की शाळेच्या नावाखाली निसटल्या होत्या? त्या संध्याकाळी घरात त्यांच्यावर काय ओढवलं? पुढच्या लगीनसराईपर्यंत किती जणी शाळेत उरल्या? आपण सांगतो त्या गोष्टीत मुली येतात त्या मुलग्याला शूर होता यावं एवढ्यापुरत्या. मुलगा हुतात्मा झाला की त्यांचं काम संपलं.

वयात येणाऱ्या मुलींवर, किशोरवयीन वाचकांसाठी, ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या जाव्यात असं मी म्हणतो ते इथून. आणि म्हटलं रे म्हटलं की आक्षेप सुरू होतात.

पहिला आक्षेप कागदाचा. आमच्या देवपुरात तो जरा जास्तच जोरात येतो, कारण पांझरेचा पूल ओलांडला की राजवाड्यांचं धुळं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी याच गावात गेले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. तेव्हा ‘अस्सल कागद दाखवा, नाहीतर गप्प बसा’ हे इथल्या मंडळींच्या जिभेवरच असतं. मुलींच्या नावाचा कागद नाही, म्हणून मुलींची गोष्ट नाही.

पण कागद कशाचे झाले? वतनांचे, महसुलाचे, तंट्यांचे, स्वाऱ्यांचे. तेरा वर्षांची पोर पहिल्यांदा सासरच्या उंबऱ्याशी थबकली, याचा महजर कोण करणार होतं? जिथे दप्तर बोलतं तिथे कादंबरीकाराने त्याच्याविरुद्ध बोलू नये, हे शंभर टक्के मान्य. तारीख फिरवू नये, माणसं सोयीने जिवंत ठेवू नयेत. पण जिथे दप्तर मुकं आहे तिथे कल्पनेला बंदी घालणं म्हणजे दप्तर लिहिणाऱ्यांनी ज्यांना वगळलं त्यांना आपणही वगळणं. आणि राजवाड्यांचं नाव घेणाऱ्यांनी राजवाडे वाचावेत. कादंबरी या प्रकारावर या माणसाने स्वतंत्र निबंध लिहिला. विवाहसंस्थेवर तर असं लिहिलं की सोवळी मंडळी अजून दचकतात.

दुसरा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. त्या काळी मुलीचं लग्न नवव्या, अकराव्या वर्षी व्हायचं. तिला ‘घडायला’ वेळच कुठे होता? मोठं होण्याची कथा मुलग्याचीच असणार.

यावर उत्तर द्यायला लांब जायला नको. बहिणाबाई चौधरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कपाळावरून पदर घेतलेली म्हातारी. फोटो तोच, पाठ्यपुस्तकातलं चित्र तेच. पण आसोद्याच्या महाजनांची ही लेक १८८० ची, आणि लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांकडे आली ती तेराव्या वर्षी. आसोदे ते जळगाव अंतर ते काय, बैलगाडी सकाळी निघाली तर ऊन तापायच्या आत पोचेल. तेवढ्या वाटेत एका मुलीचं सगळं जग बदललं. अक्षरओळख नाही, पण कान तिखट आणि जीभ त्याहून. तिने तिथे काय पाहिलं, काय गिळलं, कशावर हसली? या बाईने पुढे जे रचलं ते १९५१ मध्ये ती गेल्यानंतर, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आलं, आणि महाराष्ट्र थक्क झाला. थक्क झाला तो म्हातारीवर. त्या तेरा वर्षांच्या मुलीची कादंबरी आपल्या पोरींना कुणी दिली? बालपण तोडून टाकलं गेलं, तेव्हा मोठं होणं थांबलं नाही. ते चुलीपुढे, विहिरीवर, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला येणाऱ्या मुराळ्याची वाट बघताना होत राहिलं. मुलग्याला मोठं व्हायला दहा वर्षं मिळाली, हिला एक उन्हाळा. लेखकाला यापेक्षा ताण तो कुठला हवा?

आणि सगळ्याच मुक्या नव्हत्या. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध छापून आला, तो फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईने नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं आणि १८८७ मध्ये कोर्टाने ‘नांदा नाहीतर तुरुंगात जा’ असं बजावलं, तेव्हा तिने तुरुंग पत्करायची तयारी ठेवली. हा ऐवज कागदावरचा आहे, कल्पनेतला नाही.

तिसरा आक्षेप मोठ्याने कुणी घेत नाही. पुस्तक चाळताना पान अडतं, भुवई चढते, आणि ‘हे मुलांच्या पुस्तकात कशाला?’ असं हळूच येतं. म्हणजे पाळी. म्हणजे न्हाण. आपल्या संस्कृतीत असलं उघड बोलत नाहीत, म्हणे.

कुठल्या संस्कृतीत? न्हाण आलं की मुलीला मखरात बसवत. ओट्या भरत, गोडधोड करत, गाणी म्हणत. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं की अमक्याची लेक शहाणी झाली. आणि त्या मखरामागे गर्भाधानाचा मुहूर्त उभा असायचा. १८९१ मध्ये सरकारने मुलीच्या सहवासाचं किमान वय १० वरून १२ वर नेलं, तेव्हा टिळकांपासून सुधारकांपर्यंत सगळे शहाणेसुरते पुरुष महिनोन्‌महिने वर्तमानपत्रांतून मुलीच्या शरीरावर जाहीर भांडत होते. विचारलं नाही ते फक्त मुलींना. बहिणाबाईचं लग्न यानंतर दोनेक वर्षांनी झालं. म्हणजे ज्या गोष्टीवर आजोबा-पणजोबा चव्हाट्यावर बोलले, ती बारा वर्षांच्या नातीने वाचली तर संस्कृती बुडते! हा संकोच परंपरेचा नव्हे, आपला आहे; आपल्या नावावर घ्यावा.

आता थोडं स्वपक्षाकडेही वळतो, कारण कैवार घेणारेच कधी कधी विषयाचं वाटोळं करतात. त्यांना मुलगी हवी ती घोड्यावर. पंधरा ऑगस्टच्या फेरीत बघा: जिजाऊ, झाशीची राणी, भारतमाता. तलवार पुठ्ठ्याची, पण तलवार हवीच. नाहीतर मग अशी नायिका, जी १८९० सालच्या ओसरीवर बसून आजच्या व्याख्यानातली वाक्यं बोलते, सासूला स्त्रीमुक्ती समजावते आणि शेवटच्या प्रकरणात डॉक्टर होते. ही नऊवारी नेसवलेली आजची मुलगी झाली. तिच्यामुळे वाचणाऱ्या मुलीला एवढंच वाटतं, की आपली पणजी एवढी धीट नव्हती म्हणजे बावळटच असणार.

मला हवी ती मुलगी आखाजीला माहेरी येते. घरात पितरांची घागर भरली आहे, वर डांगर ठेवलं आहे, सांजोऱ्यांचा वास सुटला आहे, बाप्ये पारावर पत्ते कुटताहेत. ती निंबाच्या झोक्यावर गौराईची गाणी म्हणते, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात येतं की थोरल्या बहिणीला यंदा मुराळी गेलाच नाही. का, ते कुणी सांगत नाही. आणि ती अहिराणीत बोलते, छापील पुणेरीत नाही.

पण त्याच आखाजीला भिल्ल सालदाराचं साल संपतं, नवा करार होतो. त्याची लेक त्याच दिवशी खळ्याच्या कडेला उभी असते. तिला झोका नाही. तिच्याकडे कुठल्या नजरेने बघतो, तेही महत्त्वाचं. अमेरिकेत लॉरा इंगल्स वाइल्डरने १९३२ पासून आपल्या बालपणावर रचलेली पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या पोरींनी वाचली, आणि २०१८ मध्ये तिथल्या ग्रंथपालांनी तिच्या नावाच्या पुरस्काराचं नावच बदललं, कारण त्या गोड घरकुलाच्या भोवतीचे मूळ रहिवासी तिने ज्या नजरेने रंगवले ती नजर खटकू लागली. आपण आज लिहायला बसणार, तर पाटलाच्या लेकीबरोबर ती भिल्लाची पोर आत्ताच पुस्तकात घ्यावी. तीही वयात येते आहे.

राहता राहिला प्रकाशकांचा मुद्दा, की मुलींची गोष्ट मुलगे हातात घेत नाहीत. हे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींच्या मुलखात म्हणायचं? १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकातला मुलगा आईच्या मागे मागे घरभर फिरतो, स्वयंपाकघरात हातभार लावतो, पोहायला घाबरतो आणि पानोपानी रडतो. ते मुलींच्या हाती देताना हे मुलग्याचं पुस्तक आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. मुलींनी नव्वद वर्षं श्यामबरोबर रडून घेतलं आहे. आता मुलग्यांनी एकदा आसोद्याहून जळगावला जाणाऱ्या त्या गाडीत बसायला काय हरकत आहे?