अजगर पाळताय? आधी कागद दाखवा!

लॅब्राडॉर आता जुना झाला, पर्शियन मांजर तर घाटकोपरच्या मामींकडेही असते. अंधेरीच्या वन-बीएचकेत सध्या ‘कूल’ काय, तर काचेच्या पेटीत वेटोळं घालून पडलेला बॉल पायथन. भुंकत नाही, केस गळत नाहीत, सकाळी सहाला फिरवायला न्यावं लागत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्ताही लागत नाही. वनखात्याला मात्र तो लागलाच पाहिजे, असं कायदा म्हणतो.

फंडा सोपा आहे. प्राणी देशी असेल तर विषयच संपला. ‘वास्तूला शुभ’ म्हणून खपवलं जाणारं स्टार कासव हौसेसाठी घरी आणायचं परमिट मिळतच नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसलंय. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात. वर किमान २५ हजार दंड. ‘विठू विठू’ करणारा पिंजऱ्यातला हिरवा पोपटसुद्धा बेकायदाच. आजीला हे कोण सांगणार, ते तुमचं तुम्ही बघा!

परदेशी पाहुण्यांचं गणित वेगळं. बॉल पायथन, हिरवा इग्वाना, आफ्रिकन ग्रे पोपट हे सगळे ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले. २०२० मध्ये सरकारने सवलत दिली होती: प्राणी स्वतःहून जाहीर करा, कागद विचारणार नाही. ती खिडकी मार्च २०२१मध्ये बंद झाली. फेब्रुवारी २०२४च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पुढे पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवायचं. (बजरी आणि कॉकटील या यादीत नाहीत, त्यांचे मालक निवांत.)

खरी गोची दुकानात होते. ‘पेपर्स बाद में मिल जायेंगे’ असं विक्रेता म्हणाला, की तिथूनच मागे फिरा. कारण हा माल येतो कसा ते बघा. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. त्याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये सहारच्या कार्गो संकुलात शोभेच्या माशांच्या नावाखाली ६६५ प्राणी आले होते. कासवं, साप, सरडे, इग्वाना. पेट्या उघडल्या तेव्हा त्यातले ११७ मेलेले होते. तुमच्या पेटीतला ‘कूल’ पाहुणा उरलेल्यांसारखाच वाचून आलाय का, हे कागदाशिवाय कसं कळणार?

आणि हौस फिटली म्हणून लाल कानाचं कासव पवई तलावात सोडून येऊ नका. ते परदेशी आहे, तगून राहतं आणि देशी कासवांच्या तोंडचा घास पळवतं. त्याऐवजी वनखात्याची हेल्पलाइन फिरवा: १९२६.