वावड्यांनी गिळलेला अल्बम

‘गन्स एन रोझेस’च्या ‘चायनीज डेमॉक्रसी’ या अल्बमबद्दल कुणालाही विचारा. गिटारवादक बकेटहेडसाठी स्टुडिओत कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं, ही गोष्ट तो आधी सांगेल. मग एक कोटी तीस लाख डॉलर खर्चाचा आकडा येईल. मग शीतपेयाच्या फुकट कॅनचा किस्सा. मग गायक ॲक्सल रोझ कसा भ्रमिष्ट झाला होता, त्याचं रसभरीत वर्णन. आता त्यालाच विचारा, या अल्बममधलं चौथं गाणं कोणतं? गप्प. बकेटहेडने यात वाजवलेली एक तरी सुरावट गुणगुणून दाखव म्हणा. पुन्हा गप्प. हा माणूस मला मुंबईत भेटतो, पुण्यात भेटतो, आता न्यू जर्सीहून फोनवरही भेटतो. याला सगळं माहीत आहे. त्याने फक्त अल्बम ऐकलेला नाही.

उशीर झाला म्हणून हा अल्बम मेला, हे मला मान्य नाही. त्याला वावड्यांनी मारलं. आणि त्या वावड्या चार रिकामटेकड्या पोरांनी उठवलेल्या नव्हत्या. रेकॉर्ड कंपनी, मॅनेजर, मासिकं, रेडिओवाले आणि जाहिरातदार अशा सगळ्यांनी त्यांच्यावर आपापली पोळी भाजून घेतली. त्यांना मोकळं रान दिलं ते खुद्द ॲक्सल रोझच्या मौनाने. मी या बँडचा जुना चाहता आहे आणि म्हणूनच हे ठणकावून सांगतो.

आधी घटनाक्रम बघा. १९८७ च्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ने या बँडला जगभर नेलं. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘यूझ युअर इल्युजन’चे दोन्ही भाग एकाच दिवशी आले. २३ नोव्हेंबर १९९३ ला दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम निघाला आणि त्यानंतरचा स्टुडिओ अल्बम आला थेट २३ नोव्हेंबर २००८ ला. तारीख तीच, मध्ये पंधरा वर्षं. या पंधरा वर्षांत बँडच उरला नव्हता. इझी स्ट्रॅडलिन १९९१ मध्येच गेला होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये ॲक्सलने एमटीव्हीला फॅक्स करून कळवलं की गिटारवादक स्लॅश आता बँडमध्ये नाही. १९९७ मध्ये बासवादक डफ मकेगन गेला, ड्रमर मॅट सोरमला काढलं. बँडचं नाव मात्र ॲक्सलकडे राहिलं आणि त्या नावाखाली त्याने नवी माणसं जमवली.

याच काळात कंपनीतही उलथापालथ झाली. १९९८ मध्ये गेफेन कंपनीने ॲक्सलला दहा लाख डॉलर दिले आणि मार्च १९९९ पर्यंत अल्बम हाती पडला तर आणखी दहा लाख देऊ केले. पण १९९९ मध्येच मोठं विलीनीकरण होऊन गेफेन इंटरस्कोप या कंपनीच्या पंखाखाली गेली. ज्यांनी या बँडवर विश्वास टाकला होता, ती माणसं पांगली. निर्माते एकामागून एक आले आणि गेले. यूथ झाला, शॉन बीव्हन झाला, ‘क्वीन’चा निर्माता रॉय थॉमस बेकर झाला. प्रत्येक नव्या निर्मात्याबरोबर जुनं ध्वनिमुद्रण पुन्हा उकरलं गेलं. ड्रमर जॉश फ्रीस बँड सोडून गेला, तेव्हा त्याने वाजवलेलं सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि त्याच्या जागी आलेल्या ब्रेनकडून ते जसंच्या तसं पुन्हा वाजवून घेतलं. उशिराची खरी कारणं ही आहेत. ती कंटाळवाणी आहेत. यात भुतंखेतं नाहीत, वेडाचे झटके नाहीत. हिशेब चुकला, माणसं बदलली, आणि एका माणसाला ‘झालं’ म्हणता आलं नाही. कंटाळवाण्या कारणांवर मासिकांची मुखपृष्ठं निघत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी खुराडं आलं.

आणि ॲक्सल काय करत होता? १९९९ मध्ये त्याने अल्बमचं नाव जाहीर केलं, म्हणजे बारशाचे पेढे वाटून मोकळा झाला. जानेवारी २००१ मध्ये ‘रॉक इन रिओ’त लाखाहून अधिक लोकांसमोर यातली गाणी वाजवली. पुढे ‘स्ट्रीट ऑफ ड्रीम्स’ म्हणून आलेलं गाणं तिथे ‘द ब्लूज’ या नावाने गायलं गेलं. ‘मॅडगॅस्कर’ही तिथलंच. म्हणजे जी गाणी २००८ मध्ये विकायला आली, त्यातली काही सात वर्षं आधीच कानावर पडली होती. मग मौन. २००२ च्या ऑगस्टमध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात अचानक मंचावर अवतरला, मग उत्तर अमेरिकेचा दौरा सुरू केला. नोव्हेंबरमध्ये व्हँकुव्हरला आणि डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाला कार्यक्रम रद्द झाले, लोकांनी तोडफोड केली, दौरा गुंडाळला. पुन्हा मौन. जानेवारी २००६ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ला सांगितलं की ३२ गाण्यांवर काम चालू आहे, २६ जवळपास झाली आहेत, यंदा ऐकाल. त्या ३२ च्या आकड्यावरून लोकांनी तीन-तीन अल्बमची मालिका रचली. डिसेंबरमध्ये त्याने खुलं पत्र काढलं आणि ६ मार्च २००७ ही तारीख दिली. तीही टळली. प्रत्येक मौनानंतर एक वचन, प्रत्येक वचनानंतर एक मौन. याला काही लोक परिपूर्णतेचा ध्यास म्हणतात. मी त्याला श्रोत्याची अवहेलना म्हणतो. ज्याला काम पुरं व्हायला वेळ हवा आहे त्याने जरूर घ्यावा, पण मग तारखा देऊ नयेत. ज्याने तारखा दिल्या त्याने चुकल्यावर दोन ओळींत कारण सांगावं. एवढं सौजन्य आपण गल्लीतल्या शिंप्याकडूनही अपेक्षितो.

पैसा कुणी केला, ते आता पाहू. फेब्रुवारी २००४ मध्ये गेफेनने ॲक्सलला लेखी कळवलं की मंजूर खर्च लाखो डॉलरनी ओलांडला आहे, पुढचं तुमचं तुम्ही भरा. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीने बँडच्या जुन्या गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. तो थांबवण्यासाठी ॲक्सल आणि एरवी त्याचं तोंड न पाहणारे स्लॅश आणि डफ असे तिघे कोर्टात गेले आणि हरले. संग्रहाच्या एकट्या अमेरिकेत लाखो प्रती खपल्या. नव्या अल्बमबद्दलच्या कुतूहलावर जुना माल विकला गेला. मार्च २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मोठा लेख छापला. एक कोटी तीस लाखांचा आकडा तिथला. त्या लेखाबद्दल माझी तक्रार नाही. त्यात कंपनीचे अंतर्गत कागद होते, महिन्याला दोन लाख ४४ हजार डॉलर खर्चाचा हिशेब होता. ती बातमी होती. तक्रार आहे ती पुढच्या शेकडो लेखांबद्दल, ज्यांनी तोच लेख चघळला, त्यात आपली लोणकढी घातली आणि स्वतः एकाही माणसाला फोन केला नाही.

मार्च २००८ मध्ये डॉ. पेपर या शीतपेय कंपनीने जाहीर केलं की अल्बम याच वर्षी आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला, स्लॅश आणि बकेटहेड वगळून, एक कॅन फुकट. अल्बम आला. कंपनीने कुपनसाठी एक दिवस दिला, वेबसाइट कोसळली, लोक हात हलवत राहिले आणि ॲक्सलच्या वकिलांनी नोटीस धाडली. कंपनीला जाहिरात मिळाली. बेस्ट बाय या दुकान-साखळीने अमेरिकेतल्या विक्रीचा एकाधिकार घेतला. सगळ्यांना काही ना काही मिळालं. शिक्षा झाली ती कुणाला? जून २००८ मध्ये नऊ गाणी इंटरनेटवर टाकणाऱ्या एका तरुण चाहत्याला. ऑगस्टमध्ये एफबीआयने त्याला पकडलं आणि पुढच्या वर्षी त्याला दोन महिन्यांची नजरकैद आणि वर्षभराची देखरेख ठोठावली गेली. त्याने केलं ते बेकायदा होतं, मी त्याची बाजू घेत नाही. पण इतक्या वर्षांच्या लपंडावात कायद्याने गुन्हेगार ठरला तो ऐकायला आसुसलेला एक पोरगा, याची मला चीड आहे.

आणि सर्वांत मोठा अन्याय वादकांवर झाला. याबद्दल कुणी बोलत नाही. रॉबिन फिंक, बकेटहेड, रिचर्ड फोर्टस, पॉल टोबायस, बंबलफूट, बासवर टॉमी स्टिन्सन, कीबोर्डवर डिझी रीड आणि ख्रिस पिटमन. या माणसांनी आयुष्यातली कसदार वर्षं या अल्बमला दिली. एकेका गाण्यात पाच-पाच गिटारवादकांची नावं आहेत. लोकांनी हे पाहून नाक मुरडलं, ‘भाडोत्री बँड’ म्हणाले. ‘देअर वॉज अ टाइम’च्या शेवटी बकेटहेडची गिटार ऐका. ती सुरुवातीला संथपणे चढते, मग गाण्याखालच्या वाद्यवृंदाला मागे टाकून निघते, आणि गाणं संपेपर्यंत तुम्हाला खाली ठेवत नाही. अलीकडच्या तीस वर्षांत रॉकमध्ये असं गिटारवादन फार थोडं झालं आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. पण त्या माणसाचं नाव निघालं की लोकांना आठवतं डोक्यावरचं चिकनचं बकेट आणि ते खुराडं. ‘बेटर’ रॉबिन फिंकने ॲक्सलबरोबर रचलं. त्यातला कडवटपणा आणि ठोक्यांचा ताण ‘इल्युजन’ काळातल्या कोणत्याही गाण्याच्या बरोबरीचा आहे. फिंकचं नाव किती जणांना माहीत आहे?

‘क्वीन’च्या ब्रायन मेने ‘कॅचर इन द राय’साठी गिटार वाजवली होती. अंतिम अल्बमातून ती काढून टाकली गेली आणि त्याने त्याबद्दल खेद बोलून दाखवला. हा निर्णय चुकीचा होता, असं माझं मत आहे. अल्बम निर्दोष आहे असा माझा दावाच नाही. ‘स्क्रेप्ड’ फुटकळ आहे. ‘शॅकलर्स रिव्हेंज’ दहा वर्षं आधीच्या आवाजात अडकलं आहे. ‘मॅडगॅस्कर’मधली चित्रपटांतल्या संवादांची आणि भाषणांची खिचडी गाण्याला जड जाते. हे सगळं बोलू या. पण हे बोलायला अल्बम ऐकावा लागतो. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सुमारे दोन लाख ६१ हजार प्रती खपल्या, तिसरा क्रमांक मिळाला, पुढे प्लॅटिनमही झाला. तरी तो ‘आपटला’ असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं, कारण वावड्यांनी लोकांच्या मनात जो अल्बम तयार केला होता, त्याच्याशी जगातला कोणताच अल्बम बरोबरी करू शकला नसता.

आणि ॲक्सलने स्वतः काय केलं? अल्बम नव्हता तेव्हा त्याची नुसती सावली दिसली तरी बातमी व्हायची. अल्बम आला त्या आठवड्यात तो कुठेच नव्हता. मुलाखत नाही, कार्यक्रम नाही. आपल्याच माणसांच्या कामाची बाजू घेऊन तो उभा राहिला नाही. हे मी त्याला माफ करत नाही.

उशीर इतरांनाही झाला आहे. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ने १९९१ नंतर पुढचा अल्बम २०१३ मध्ये दिला. ‘टूल’ने २००६ नंतर २०१९ मध्ये. त्यांच्याही मागे वावड्या होत्या, थट्टा होती. पण अल्बम आला त्या दिवशी चर्चा सुरांची झाली. ‘टूल’चा तर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. उशीर माफ होतो. सर्कस झाली की माफ होत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये हा बँड मुंबईत आला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर. त्या काळात कार्यक्रमाची सुरुवातच ‘चायनीज डेमॉक्रसी’ने व्हायची. माझ्या आजूबाजूचे लोक पहिली तीन गाणी एकच प्रश्न विचारत होते, स्लॅश कुठे आहे? समोर बंबलफूट जीव ओतून वाजवत होता. त्याच्याकडे पाठ करून लोक एकमेकांना २००४ सालच्या अफवा सांगत होते. २०१६ मध्ये स्लॅश आणि डफ परतले, त्या पुनर्मीलनाच्या दौऱ्याने ५८ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, आणि मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर मुंबईने तिघांना एकत्र पाहिलं. छान झालं. पण २०२१ ते २०२३ मध्ये या बँडने काढलेली ‘ॲब्सर्ड’, ‘हार्ड स्कूल’, ‘परहॅप्स’ आणि ‘द जनरल’ ही गाणी मुळात त्याच जुन्या सत्रांतली, फेरफार करून दिलेली. याचाच अर्थ त्या ‘वाया गेलेल्या’ वर्षांची शिदोरी हा बँड अजून खातो आहे. आणि पुन्हा तेच गुऱ्हाळ सुरू झालं आहे. नवा अल्बम यंदा येणार, नाही पुढच्या वर्षी, अमक्याच्या तमक्याने स्टुडिओत ऐकला.

मित्रांनो, हे थांबवा. आज रात्री ‘देअर वॉज अ टाइम’ लावा, पावणेसात मिनिटं फोन बाजूला ठेवा आणि शेवटची गिटार संपेपर्यंत ऐका. नाही आवडलं तर माझ्याशी भांडायला या, मी तयार आहे. पण नव्या अल्बमची तारीख कुणी कानात सांगितली, तर ती पुढे सांगू नका.