कॅम्पर व्हॅन बघताय? आधी सायकल मोजा

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. रील्समध्ये मात्र बेड आणि किचनच दिसतं. सायकल कुठे ठेवायची हे कुणी दाखवत नाही.

समजा, दोघांनी प्रतापगडला जायचंय. साताऱ्याचा नाही, गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. व्हॅन तिथे लावायची आणि नवेगावबांधकडे सायकलने जायचं.

मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते. मारुती ईको अख्खी ३.६७ मीटर. ड्रायव्हरची जागा वजा केली की आत एकतर झोपा, नाहीतर सायकली ठेवा. टपावर ठेवल्या तर उंची तीन मीटरच्या आसपास जाते आणि गावाकडच्या रस्त्यावर फांद्या आडव्या येतात. मागच्या रॅकवर नंबरप्लेट आणि टेललाइट झाकले जाता कामा नयेत. दोन ई-सायकली म्हणजे चाळीस-पन्नास किलो वजन, तेही मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबकळणारं!

म्हणून मला उंच टपाची फोर्स ट्रॅव्हलर पटते. बेड ९० सेंटिमीटरवर घ्या. पुढचं चाक काढून, सीट खाली करून, हँडल वळवलं की दोन्ही सायकली खाली मावतात, चोरीची धास्ती पण नाही. फक्त स्वतः बदल करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. आरटीओची मंजुरी आधी, वेल्डिंग नंतर.

भाड्याने घेताय? नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची पिवळ्या पाटीची गाडीही चालवता येते. बुकिंगआधी बेडखालची उंची फोनवर विचारून घ्या.