वैद्यकीय निवृत्ती कोणाला परवडते?

९ नोव्हेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, हजारो प्रेक्षकांसमोर, शुगर रे लेनर्ड या मुष्टियोद्ध्याने आपली निवृत्ती जाहीर केली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधील सुवर्णपदकाचा तो मानकरी होता. पुढे धंदेवाईक मुष्टियुद्धात त्याने जगज्जेतेपदही मिळविले होते. त्याच्या डाव्या डोळ्याचे दृष्टिपटल सुटले होते आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली होती. डोळा गमावण्यापेक्षा खेळ सोडलेला बरा, असा निर्णय त्याने घेतला. तो सुज्ञपणाचा होता यात शंका नाही.

त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, लास व्हेगास येथे दक्षिण कोरियाचा किम दुक कू हा रे मॅन्सिनीविरुद्ध हलक्या वजनाच्या गटाच्या जगज्जेतेपदासाठी रिंगणात उतरला. अमेरिकेतील घराघरांत दूरचित्रवाणीवरून ही लढत थेट दाखविली जात होती. चौदाव्या फेरीत किम कोसळला. मेंदूतील रक्तस्रावामुळे तातडीने शस्त्रक्रिया झाली, परंतु तो शुद्धीवर आला नाही आणि काही दिवसांतच त्याचे निधन झाले. त्याची वाग्दत्त वधू गर्भवती होती. काही महिन्यांनी त्याच्या आईनेही आपले जीवन संपविले.

एका आठवड्यातील या दोन घटना धंदेवाईक मुष्टियुद्धाचे खरे स्वरूप उघड करतात. दोघांचे शरीर सारखेच नाशवंत होते. परंतु लेनर्डपाशी नामांकित शल्यचिकित्सक होते, साठविलेले धन होते आणि थांबण्याची मोकळीक होती. दारिद्र्यात वाढलेल्या किमला त्या एका लढतीतूनच आपल्या कुटुंबाचे भवितव्य घडवावयाचे होते. अशा माणसाला ‘प्रकृती जपा, खेळ सोडा’ असा सल्ला देणे सोपे असते. उद्याच्या भाकरीची तरतूद त्या सल्ल्यात नसते.

धनामुळे सुटका होतेच असेही नाही. लेनर्ड १९८४ साली पुन्हा रिंगणात उतरला. १९८७ साली मार्विन हॅग्लरविरुद्धच्या एका लढतीसाठी त्याला एक कोटी डॉलरहून अधिक मोबदला मिळाला. ज्या डोळ्यासाठी त्याने निवृत्ती पत्करली होती, त्याच डोळ्याची जोखीम आता बाजाराने विकत घेतली होती.

महंमद अलीची कहाणी याहूनही बोलकी आहे. वर्षानुवर्षे त्याच्या सोबत असलेल्या फर्डी पाचेको या डॉक्टरांनी त्याला थांबण्याचा सल्ला दिला. तो मानला गेला नाही, तेव्हा १९७७ साली त्यांनी त्याची साथ सोडली. १९८० साली लॅरी होम्सविरुद्धच्या लढतीपूर्वी मेयो क्लिनिकमध्ये अलीची तपासणी झाली. बोटाने नाकाचा शेंडा अचूक टिपणे आणि एका पायावर उड्या मारणे या साध्या हालचालींतही त्याच्यात उणीव आढळली. तरीही नेवाडा राज्याने त्याला परवाना दिला. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्याच्या प्रशिक्षकाने लढत थांबविली. पुढच्याच वर्षी त्याची अखेरची लढत अमेरिकेबाहेर, बहामा बेटांवर झाली. १९८४ साली त्याच्या व्याधीचे निदान पार्किन्सनची लक्षणे असे झाले. या व्याधीला मुष्टियुद्ध कितपत कारणीभूत होते याविषयी वैद्यकांत मतभेद आहेत. परंतु १९८० साली त्याला रिंगणात उतरू देणे चुकीचे होते, याविषयी मतभेदाला जागा नाही. तपासणी झाली होती, अहवालही उपलब्ध होता. मात्र त्या अहवालापेक्षा लढतीतून होणाऱ्या उलाढालीचे वजन अधिक ठरले.

अज्ञानाची सबब तर केव्हाच संपली आहे. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांमुळे मुष्टियोद्ध्यांना जडणाऱ्या मेंदूविकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी १९२८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात केले होते. १९८३ साली जागतिक वैद्यकीय संघटनेने मुष्टियुद्धावर बंदी घालण्याची शिफारस केली. स्वीडनने १९७० साली धंदेवाईक लढतींना मनाई केली होती. त्याही आधी, १९६२ साली, क्यूबाने धंदेवाईक खेळच बंद केला होता. १९७२ पासून सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या तेओफिलो स्टीव्हन्सन या क्यूबन मुष्टियोद्ध्याने अमेरिकेतील धनाढ्य आयोजकांचे आमंत्रण नाकारले, हे सर्वश्रुत आहे. परंतु क्यूबानेही २०२२ साली आपल्या मुष्टियोद्ध्यांना धंदेवाईक लढतींची मुभा दिली. एका देशाने दार बंद केले की हा धंदा दुसऱ्या देशाचे दार ठोठावतो, हे अलीच्या बहामातील लढतीनेही दाखविले. केवळ बंदीची मागणी करून थांबणारे लोक मुष्टियोद्ध्याला त्याच्या नशिबावर सोडून देतात.

खरा प्रश्न श्रमाचा आहे. मुष्टियोद्धा हा आपले शरीर झिजवून जगणारा कामगार आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो बहुधा कोणाचाच नोकर नसतो. त्याच्या मिळकतीत व्यवस्थापक आणि प्रशिक्षक वाटेकरी असतात, तिकिटांचा व प्रक्षेपणाचा लाभ आयोजक घेतात, आणि दुखापत मात्र एकट्याची असते. मुख्य लढतीपूर्वी अल्प मोबदल्यात लढणाऱ्यांची नावे तर प्रेक्षकांच्या ध्यानातही राहत नाहीत.

जेथे हक्काची भाषा बोलली गेली, तेथे काही बदलले. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये ख्रिस युबँकविरुद्ध लढताना मायकेल वॉटसन कोसळला. त्याच्यावर जागीच आवश्यक उपचार झाले नाहीत आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्याने ब्रिटिश मुष्टियुद्ध नियामक मंडळावर दावा लावला. खेळाडूच्या सुरक्षिततेची जबाबदारी मंडळावर आहे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले आणि २००० साली अपील न्यायालयानेही ते उचलून धरले. कॅलिफोर्नियात १९८२ पासून मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आहे. तिच्यासाठी तिकिटांच्या विक्रीतून अंशदान घेतले जाते. १९९६ च्या अमेरिकी कायद्याने रिंगणाशेजारी डॉक्टर व आरोग्यविमा बंधनकारक केला. वैद्यकीय कारणास्तव एका राज्याने घातलेले निलंबन दुसऱ्या राज्यांनीही पाळावे, असे ठरले. मात्र देशव्यापी निवृत्तिवेतनाची सोय त्या कायद्याने केली नाही.

हा विषय आता दूरदेशीचा राहिलेला नाही. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळी येथे विजेंदर सिंगची धंदेवाईक लढत झाली. ज्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून, एक कायम मालक नसलेल्या हमालालाही मंडळाच्या द्वारे भविष्यनिर्वाह निधी व उपदान मिळवून दिले, त्याला या प्रश्नाचे उत्तर नव्याने शोधावे लागणार नाही. ज्याच्या श्रमावर धंदा चालतो, त्याच्या सुरक्षेचा भार त्या धंद्यावरच पडला पाहिजे, हे सूत्र हमालाला लागू पडते, तसेच ते मुष्टियोद्ध्यालाही लागू पडते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. तपासणी करणारा डॉक्टर आयोजकाच्या पगारावर नसावा आणि त्याचा नकार अंतिम मानला जावा. एका ठिकाणी नाकारलेला परवाना दुसरीकडे मिळू नये. प्रत्येक तिकिटाचा व प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा भरपाई आणि निवृत्तिवेतनाच्या निधीत जमा व्हावा, आणि त्या निधीच्या कारभारात मुष्टियोद्ध्यांच्या प्रतिनिधींना स्थान असावे. डॉक्टरांनी ‘थांब’ म्हटल्यावर थांबण्याचे सामर्थ्य ज्या दिवशी शेवटच्या क्रमांकाच्या मुष्टियोद्ध्यालाही लाभेल, त्या दिवशीच वैद्यकीय निवृत्ती हा मूठभरांचा विशेषाधिकार न राहता प्रत्येकाचा हक्क होईल.