समुद्र अडवण्याआधी पाणी मोजा : डहाणू-तलासरी किनाऱ्याचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण
मा. अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण
मा. संचालक, केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, खडकवासला, पुणे
मा. जिल्हाधिकारी, पालघर

विषय : डहाणू-तलासरी किनाऱ्यावरील प्रवाह, लाटा, गाळ व उष्ण पाणी यांची प्रत्यक्ष मोजणी आणि प्रतिकृतीवरील चाचण्या करून त्यांचे निष्कर्ष खुले करण्याबाबत.

महोदय,

आम्ही डहाणू आणि तलासरी तालुक्यांतले मच्छीमार, मासळी सुकवणाऱ्या व विकणाऱ्या बाया, बागायतदार आणि शिक्षक आहोत. झाईपासून चिंचणीपर्यंत आमचे पोट पाण्याच्या चालीवर भरते. वाढवण बंदराला आमच्यातल्या अनेकांचा विरोध आहे आणि तो कायम आहे. बंदर हवे म्हणणाऱ्यालाही नाकारता येणार नाही अशीच गोष्ट आम्ही येथे मागत आहोत. पाणी आज कसे वाहते याची खरी, खुली आणि वेळेत झालेली मोजणी आम्हाला हवी आहे.

पार्श्वभूमी

२० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर त्याच वर्षी १९ डिसेंबरला न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. ३१ जुलै २०२३ रोजी त्याने अटींसह ना-हरकत दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. प्रकल्पात १०.१४ किलोमीटरचा लाटारोधक बंधारा आहे आणि १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करायची आहे.

डहाणू खाडीवर १९९५ पासून ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशावर चालणाऱ्या अशा केंद्रात जेवढी वीज तयार होते, त्याहून जास्त उष्णता थंडाव्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडते. धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुणारे संयंत्र तेथे २००७ मध्ये सुरू झाले, ते प्राधिकरणाने आग्रह धरला म्हणून. ठाम निकष आणि सतत देखरेख असली की काम होते, हे या किनाऱ्याने पाहिले आहे.

आमचा युक्तिवाद

पहिला मुद्दा उपजीविकेचा. डोलजाळे समुद्रात एका जागी रोवलेले असते. ते माशामागे धावत नाही, भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा, करंदी त्याच्या तोंडात आणून सोडतो. जाळे ताणून उघडे धरणारा पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे प्रवाहाचा वेग पाऊणपट झाला, तर जोर निम्म्याहून जेमतेम अधिक उरतो. वेग वाढला तर जाळे फाटते, दिशा बदलली तर पिढ्यान्‌पिढ्यांची जागा निकामी होते. अहवालात किरकोळ दिसणारा बदल आमच्या टोपलीत किरकोळ राहत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. बंधारा उभा राहिल्यानंतरचा प्रवाह कधीही मोजता येईल, त्याआधीचा नाही. कामाचा एकेक टप्पा पुढे सरकतो तशी ही संधी हातातून जाते. उद्या नुकसानभरपाईचा प्रश्न आला आणि आधीचे आकडे नसले, तर बदल बंधाऱ्यामुळे झाला की निसर्गामुळे, हा वाद कधीच सुटणार नाही.

तिसरा मुद्दा पद्धतीचा. संगणकावरच्या गणिती प्रारूपाला समुद्रतळ पाण्याला किती अडवतो याचा अंदाज पुरवावा लागतो आणि तो प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावा लागतो. वाढवणचा किनारा खडकाळ आहे, शेजारी खाड्यांचा चिखल आहे. इथून उत्तरेला खंबायतच्या आखाताकडे भरतीची उंची वाढत जाते. अशा जागी एकाच आकडेमोडीवर विसंबणे धोक्याचे आहे. खडकवासल्याचे केंद्र १९१६ पासून नद्या, धरणे आणि बंदरांच्या प्रतिकृती करून हे काम करत आले आहे. आडवे माप ४०० पट आणि खोली १०० पट कमी केली, तर वाढवणचा बंधारा सुमारे २५ मीटरचा होतो आणि १२ तास २५ मिनिटांचे भरती-ओहोटीचे चक्र साडेअठरा मिनिटांत पूर्ण होते. वर्षाचा समुद्र काही दिवसांत पाहता येतो. प्रतिकृतीलाही मर्यादा आहेत. बारीक चिखल त्या प्रमाणात बारीक करता येत नाही. म्हणूनच समुद्रातली मोजणी, प्रतिकृती आणि गणित या तिघांनी एकमेकांना तपासले पाहिजे.

आमच्या मागण्या

१. झाई, बोर्डी, नरपड, डहाणू खाडीचे मुख, धाकटी डहाणू, वरोर, वाढवण आणि चिंचणी येथे प्रवाहमापक व लाटामापक यंत्रे किमान एक पूर्ण वर्ष ठेवावीत. उधाण आणि भांग, पावसाळा आणि हिवाळा या सगळ्यांची नोंद व्हावी.

२. मोजणीच्या जागा मच्छीमार सोसायट्यांबरोबर बसून ठरवाव्यात. डोलीच्या जागा, होड्यांची वाट आणि माशांच्या अंड्या-पिल्लांच्या जागा आम्ही नकाशावर दाखवू.

३. बंधारा आणि भराव यांच्या प्रत्येक टप्प्यासाठी खडकवासल्यात भौतिक प्रतिकृतीवर चाचणी व्हावी. अर्धवट बांधलेला बंधारा पाणी वेगळेच वळवतो, म्हणून केवळ पूर्ण झालेल्या बंदराची चाचणी पुरणार नाही. दोन्ही तालुक्यांचे प्रतिनिधी या चाचण्यांना हजर असावेत.

४. डहाणू खाडीत वीज केंद्राच्या उष्ण पाण्याचा पट्टा भरतीला आणि ओहोटीला कुठवर पसरतो, किती खोल जातो आणि तळाशी प्राणवायू किती उरतो, हे स्वतंत्र संस्थेने मोजावे. बंदरामुळे समुद्राचा प्रवाह बदलल्यास हे पाणी खाडीतच कोंडेल का, याचीही चाचणी व्हावी.

५. नवा धूपप्रतिबंधक बंधारा बांधण्यापूर्वी लाटाकुंडात त्याच्या रचनेची चाचणी घ्यावी. एका गावापुढे घातलेली भिंत शेजारच्या गावाची वाळू नेऊ शकते, म्हणून चाचणीत दोन्ही गावे असावीत.

६. झालेले व होणारे सर्व अभ्यास, मूळ आकड्यांसह, मराठीत प्रसिद्ध करावेत. प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीत आणि दोन्ही तहसील कार्यालयांत प्रत ठेवावी. निष्कर्ष ग्रामसभेत समजावून सांगावेत.

७. प्रवाह, गाळ व तापमान यांची बदलाची मर्यादा आधी ठरवावी. ती ओलांडली गेली की काम थांबेल आणि भरपाई सुरू होईल, असे लेखी बंधन घालावे. मर्यादा न ठरवता केलेली देखरेख म्हणजे नुसती नोंदवही.

८. तलासरीचे कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय आणि डहाणू परिसरातील महाविद्यालये यांत जलप्रवाहाची छोटी प्रयोगशाळा उभारावी. आदिवासी व मच्छीमार मुलामुलींना यंत्रे चालवण्याचे, आकडे वाचण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि मोजणीच्या कामावर त्यांनाच नेमावे.

या मागण्यांना येणारा खर्च ७६,२२० कोटींच्या प्रकल्पापुढे फार नाही. त्यासाठी लागणारे ज्ञान याच राज्यात, पुण्याजवळ, शंभर वर्षांहून अधिक काळ जमा झाले आहे. कमतरता आहे ती ते वेळेत वापरण्याच्या आणि लोकांसमोर ठेवण्याच्या निर्धाराची.

आमची विनंती आहे की जिल्हाधिकाऱ्यांनी तीस दिवसांच्या आत चारही कार्यालयांची आणि आमच्या प्रतिनिधींची संयुक्त बैठक डहाणूत बोलवावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे. पहिल्या आणि सहाव्या मागणीवर निर्णय होईपर्यंत समुद्रातील बांधकाम व भरावाचे काम पुढे नेऊ नये. मोजणीत आमची भीती चुकीची ठरली, तर ते आम्ही गावागावांत जाऊन सांगू. ती खरी ठरली, तर आराखडा बदलण्याची तयारी शासनाने आजच लेखी द्यावी.

आपले,
डहाणू व तलासरी तालुक्यांतील संघटनेचे सर्व सभासद